पिवळ्या रेघांची जमीन : गिरणगावातल्या नियम ५८ चं प्रकरण

महापालिकेकडे मंजुरीसाठी जाणाऱ्या नकाशात रंगांचे नियम ठरलेले असतात. नवं बांधकाम लाल, पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरप्या रेघांनी दाखवायचं आणि मोकळी जागा तशीच, बिनरंगाची सोडायची. २००५ च्या पावसाळ्यात मी एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात नव्याने लागले होते आणि पहिल्याच महिन्यात माझ्यापुढे एका गिरणीचा नकाशा आला. करवतीच्या दातांसारख्या छपरांच्या शेड, गोदामं, बॉयलर हाऊस, चिमणी, पाण्याचा तलाव, टाइमकीपरची खोली. त्यातलं जवळजवळ सगळं पाडायचं होतं. पट्टी धरून मी दोन दिवस पिवळ्या रेघा मारत बसले. शेवटी कागदावर पांढरं उरलं ते दोन-तीन तुकड्यांत, फाटकापाशी आणि मागच्या भिंतीलगत.

आमच्या मोठ्या सरांना मी विचारलं, "सर, शेड पाडल्या की हीसुद्धा मोकळी जमीनच ना?"

ते म्हणाले, "तेच तर कोर्टात चाललंय."

माझे बाबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात होते. वेगळ्या गिरणीत, पण त्याच रस्त्यावर. १९८२ चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते. त्यामुळे त्या पिवळ्या रेघांखाली काय होतं हे मला नकाशा वाचायला लागण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. हे प्रकरण लिहायला घेतलं त्याला तेवढंच एक कारण नाही. मुंबईत आज पुन्हा जुन्या औद्योगिक वसाहती, गोदामं, कार्यालयांच्या इमारती आणि पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जागा घरांसाठी खुल्या करण्याची भाषा चालू आहे. व्यापारी आणि औद्योगिक भागांत माणसांना राहू द्यावं, कामाची जागा आणि घर जवळ यावं, हे मला मनापासून पटतं. पण हा प्रयोग या शहराने एकदा फार मोठ्या प्रमाणावर केलेला आहे, आणि तो कुठे फसला ते नेमकं दाखवता येतं. तो फसला एका शब्दाच्या अर्थावर.

आधी जमीन समजून घेऊ. मुंबईत ५८ कापड गिरण्या होत्या, बहुतेक भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, दादर या पट्ट्यात. त्यांच्या ताब्यात मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या मात्र एकेक करत थंडावल्या. भोंगा बंद झाला तरी जमीन कागदोपत्री आय झोनमध्येच, म्हणजे औद्योगिक वापराखालीच होती. तिथे रहिवासी इमारत उभी करता येत नव्हती. जिथे कापड निघत नाही आणि घरही बांधता येत नाही अशी शेकडो एकर जमीन शहराच्या पोटात पडून राहिली. झोन बदलणं गरजेचं होतं, याबद्दल कामगार संघटना, मालक, नगररचनाकार यांच्यात फारसा वाद नव्हता. वाद होता तो कुणाची घरं, हा.

१९९१ ची विकास नियंत्रण नियमावली आली आणि तिच्यातल्या ५८ व्या नियमाने या प्रश्नाला उत्तर दिलं. ते उत्तर आजही वाचलं की बरं वाटतं. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर तिचे तीन वाटे. सुमारे एक-तृतीयांश महापालिकेला, बागा-मैदानांसाठी. दुसरा वाटा म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, परवडणाऱ्या घरांसाठी. तिसरा मालकाला, त्यावर त्याने घरं किंवा व्यापारी इमारती बांधाव्यात. जमीन मोठी तसा मालकाचा वाटा कमी. पाच हेक्टरपर्यंत मालकाला ४० टक्के, पाच ते दहा हेक्टरला ३३, दहाच्या वर ३० टक्के. महापालिकेचे ३३ टक्के मात्र तिन्ही गटांत कायम. शिवाय जमिनीतून येणारा पैसा वेगळ्या खात्यात ठेवून त्यातून कामगारांची देणी भागवायची किंवा गिरणीचं आधुनिकीकरण करायचं.

या नियमाला एक भोक होतं, आणि मालकांनी ते चटकन हेरलं. शेड पाडलीच नाही तर वाटे पाडायचा प्रश्न येत नव्हता. मग जुन्या शेडमध्येच आतून रंगरंगोटी, काचा, वातानुकूलन करून कार्यालयं, स्टुडिओ, उपाहारगृहं थाटली गेली. बाहेरून गिरणी, आतून बाजारपेठ. नव्वदच्या दशकात लोअर परळला जे पहिलं "नवं" दिसायला लागलं ते असं होतं. बाकीचे मालक हातावर हात ठेवून बसले, कारण तीनातला एकच वाटा मिळणार असेल तर थांबलेलं परवडतं. वाट बघण्याची ताकद त्यांच्याकडे होती. कामगाराकडे ती नव्हती. त्याची ग्रॅच्युइटी अडकलेली, मुलं शाळेत आणि तो स्वतः वडाळ्याला नाहीतर मशीद बंदरला हमाली करत होता, किंवा कोकणात परत गेला होता.

याच काळात, १९९६ साली, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या मालकीच्या, मुंबईतल्या गिरण्यांचा अभ्यास केला. त्यांच्या म्हणण्याचं सार मला फार महत्त्वाचं वाटतं. गिरणी-गिरणीने विचार करू नका, सगळ्या जमिनी एकत्र मांडा आणि मग रस्ते, मैदानं, घरं, कार्यालयं कुठे हवीत ते ठरवा. एकेका कंपाउंडच्या आत तिसरा हिस्सा मोजत बसलात तर कोपऱ्याकोपऱ्यात बागेच्या चिंध्या मिळतील. ते बाजूला राहिलं.

मग २००१ ची दुरुस्ती आली. मालक जमीन सोडत नाहीत, म्हणून त्यांना थोडं आमिष दाखवू, जमीन सुटली की कामगारांची देणीही सुटतील, असा त्यामागचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद मी थट्टेवारी नेणार नाही. बाबांच्या गिरणीतल्या अनेकांचे पैसे जमीन विकल्यावरच हातात पडले, हे मी पाहिलेलं आहे. पण दुरुस्तीने केलं ते असं : वाटे पाडायचे ते फक्त मोकळ्या जमिनीचे आणि शिल्लक एफएसआयचे, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात जेवढं बांधकाम करता येतं त्यातल्या न वापरलेल्या भागाचे. ज्या जमिनीवर बांधकाम उभं आहे ती, बांधकाम पाडलं तरी, वाट्यात धरायची नाही. पाडलं तेवढं बांधकाम मालकाने स्वतःसाठी पुन्हा बांधावं.

हिशेब करून पाहिला की फरक डोळ्यांत भरतो. समजा एक गिरणी १५ एकरांची आहे. शेड, गोदामं वगैरेंखाली ११ एकर, उरलेली ४ एकर मोकळी. सगळ्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे केले तर महापालिकेला ५ एकर, म्हाडाला ५, मालकाला ५. नव्या नियमाने वाटे पडतात ते चारच एकरांचे. महापालिकेला १.३ एकर, म्हाडाला तेवढीच, आणि मालकाकडे उरते १२ एकरांहून थोडी जास्त. नियमातला एक-तृतीयांश हा आकडा तसाच राहिला. तो कशाचा, एवढंच बदललं.

गिरणी ही काही वाडी नव्हे. तिची भिंत ते भिंत शेडच असायची. म्हणजे ज्या जमिनीवर कामगार उभं राहून काम करत होता ती सगळी वाट्यातून बाहेर आणि जिथे ट्रक वळायचा तेवढी वाट्यात. मी मारलेल्या पिवळ्या रेघांचा अर्थ मला तेव्हा कळला.

मुंबई पर्यावरण कृती गटाने, म्हणजे बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपने, २००५ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. सगळा खल "मोकळी जमीन" या दोन शब्दांवर आला. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की पाडकामानंतर रिकामी होणारी जमीनसुद्धा मोकळी जमीनच, तिचेही वाटे व्हायला हवेत. आमच्या कार्यालयात त्या दिवशी टेबलावरचे तीन प्रस्ताव थांबले. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मोकळी म्हणजे आधीपासून मोकळी होती ती, पाडून मोकळी झालेली नव्हे, असा अर्थ कायम झाला. वस्त्रोद्योग महामंडळाने केलेल्या गिरण्यांच्या विक्रीवरही शिक्कामोर्तब झालं.

न्यायालयाने कायद्याची शब्दरचना पाहून अर्थ लावला, ते त्याचं काम. नियमावली इंग्रजीत आहे हेही मला समजतं. तरी मराठीत बोलणाऱ्या माणसाला विचारून पाहा. भाडेकरू गेला की आपण म्हणतो, खोली मोकळी झाली. वाडा पाडला की जागा मोकळी झाली. पंगत उठली, पाट उचलले की ओटी मोकळी झाली. आपल्या भाषेत वस्तू मोकळी "होते", आधीपासून मोकळी असावी लागत नाही. लालबागच्या चाळीत हा निकाल वर्तमानपत्रातून वाचून दाखवला गेला तेव्हा आमच्या मजल्यावरच्या एका काकांनी चष्मा काढून पुन्हा विचारलं होतं, "म्हणजे गिरणी पाडली तरी जमीन मोकळी होत नाही?" त्यांना समजावून सांगायला मला शब्द सापडले नाहीत. हे काम माझंच होतं आणि नकाशाही मीच रंगवला होता.

जमिनीची किंमत किती होती ते एका व्यवहारावरून कळतं. लोअर परळची मुंबई टेक्सटाइल मिल, सुमारे १७ एकर. महामंडळाने ती २००५ मध्ये ७०२ कोटी रुपयांना विकली. २०१२ मध्ये तीच जमीन एका विकासकाकडून दुसऱ्याकडे सुमारे २,७०० कोटींना गेली. सात वर्षांत जवळपास चौपट, आणि ही वाढ झाली तेव्हा सार्वजनिक मालकी संपलेली होती.

कामगारांच्या घरांचं काय झालं ते फार सांगावं लागू नये, पण आकडे एका जागी ठेवते. म्हाडाच्या वाट्यावर जी घरं होतात त्यातली सुमारे दोन-तृतीयांश कामगारांना आणि उरलेली संक्रमण शिबिरासाठी, म्हणजे जुन्या इमारतींतून तात्पुरतं हलवलेल्यांसाठी, अशी पद्धत. पहिली सोडत निघाली २८ जून २०१२ ला, ६,९२५ घरांची. संप सुरू झाल्याला तेव्हा तीस वर्षं होऊन गेली होती. मग २०१६ मध्ये दोन सोडती, मुंबईतली २,६३४ आणि पनवेलजवळच्या कोनमधली २,४१७. मार्च २०२० मध्ये ३,८९४. एकूण १५,८७०. अर्जदार कामगार आणि वारस मिळून सुमारे पावणेदोन लाख. मुंबईतलं एक घर २२५ चौरस फुटांचं, म्हणजे पंधरा फूट लांब, पंधरा फूट रुंद.

मी अशा एका घरात गेले आहे, बाबांच्या मित्राच्या मुलाकडे. घर चांगलं आहे, हे आधी सांगते. स्वतःचा संडास, खिडकीतून वारा, लिफ्ट. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत जन्म काढलेल्या त्याच्या आईने दाराला लावलेलं तोरण मी विसरणार नाही. "इथं पाण्याला उठावं लागत नाही गं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. खिडकीतून शेजारचा टॉवर दिसत होता, त्याच गिरणीच्या जमिनीवरचा. दोन्ही इमारती एकाच झोन-बदलातून उभ्या राहिल्या. कामगारांची अशी आणखी काही हजार घरं याच गिरणगावात उभी राहू शकली असती. त्यासाठी लागणारी जमीन होती, नियम होता आणि माणसंही होती.

दुसरी बाजू वाहतुकीची, आणि इथे घरांपेक्षा कार्यालयांचा वाटा मोठा. मालकाच्या वाट्यात रहिवासी की व्यापारी हे ठरवण्याची मोकळीक होती. ज्याने ज्यात पैसा दिसला ते बांधलं. काही कंपाउंडांत मॉल, काहींत कार्यालयांचे मनोरे, काहींत चाळीस-पन्नास मजली निवासी टॉवर. आतले रस्ते खाजगी, बाहेरचा रस्ता गिरणीच्या काळातला. गिरणीचा कामगार पायी यायचा, कारण तो चाळीत राहायचा आणि पाळ्या तीन असल्याने गर्दी विभागली जायची. कार्यालयात येणारा माणूस विरार, कल्याण, पनवेलहून येतो आणि सगळे सकाळी एकाच दोन तासांत. तिथे जो राहू शकतो तो तिथल्या कार्यालयात कारकून नसतो आणि जो कारकून आहे त्याला तिथे राहणं परवडत नाही. घर आणि काम एका भागात आणलं, पण ते एकाच माणसाचं नव्हतं.

२९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदला दिवस. सकाळी पावसाची सर आली आणि एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर लोक अडकले. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. मी त्या पुलावरून बारा वर्षं जात-येत होते. जिना किती अरुंद होता ते शरीराला माहीत होतं : छत्री उघडली की शेजारच्याच्या खांद्याला लागायची, पिशवी पोटाशी धरावी लागायची. पुलाचा नवा आराखडा, निधी, रेल्वेची दिरंगाई यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते रास्तच होतं. पण त्या पुलावर इतकी माणसं कुठून आली, हा प्रश्न नगररचनेचा आहे. प्रत्येक गिरणीच्या प्रस्तावात एफएसआयचा तक्ता असायचा, पार्किंगचा तक्ता असायचा. स्थानकापर्यंत चालत जाणाऱ्या माणसांचा तक्ता मी कधी काढला नाही, कारण कुणी मागितला नाही.

या प्रकरणाकडे पाहताना मला दोन टोकाची मतं नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे जमीन कारखान्यासाठीच राखायला हवी होती. ते मला पटत नाही. सुती गिरण्या त्या जागी परत येणार नव्हत्या, आणि शहरात घराची टंचाई असताना कुलूपबंद शेड जपणं हा अन्याय झाला असता. दुसरं म्हणजे नियम सैल केला की बाजार आपोआप घरं देईल. गिरणगावात बाजाराने घरं दिली, खूप दिली, पण ती गिरणगावाला दिली नाहीत. झोन बदलला त्या क्षणी जमिनीची किंमत वाढते आणि ती वाढ कुणीही न राबता होते. तिच्यात शहराचा हिस्सा मागायचा तो त्याच क्षणी. परवानगी हातात पडल्यावर मागायला गेलं की जमीनधारक कोर्टात आपला हक्क दाखवतो, आणि तो त्याला मिळतोही.

गेल्या वर्षी आमच्याकडे पश्चिम उपनगरातल्या एका औद्योगिक वसाहतीचे गाळेधारक आले होते. दोन मजली जुनी इमारत, खाली छापखाने आणि साचे बनवणारे, वर शिलाई. आय टू आर, म्हणजे औद्योगिक जमिनीचा वापर बदलून रहिवासी, करून निवासी टॉवर करायचा, खाली दुकानं ठेवायची, असा त्यांचा विचार. सज्जन माणसं, एकमेकांना शेठ म्हणणारी. विकासकाने दिलेल्या कागदावर लिहिलं होतं की गाळेधारकांना इतके टक्के जादा क्षेत्र मिळेल. अध्यक्षांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "मॅडम, टक्केवारी बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "टक्के कशाचे, ते कुठे लिहिलंय?"

ते कागद उलटून पाहू लागले. लिहिलेलं नव्हतं. मग आम्ही तासभर बसून एकेक गोष्ट लिहून काढली : टक्के कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या क्षेत्रावर, की बांधीव क्षेत्रावर, पोटमाळे धरायचे की नाही, मोकळ्या जागेचा वाटा एकूण भूखंडावर काढायचा की निव्वळ क्षेत्रावर, आणि शिलाईच्या मजल्यावर भाड्याने बसलेल्या कारागिरांची नावं कोणत्या यादीत येणार. शेवटच्या मुद्द्यावर सगळे गप्प झाले. ती यादी अजून आलेली नाही आणि तोवर मी नकाशावर रंग भरायला घेतलेला नाही.

बाबांचा अर्ज पावणेदोन लाखांत आहे. गिरणीतला तिकीट नंबर, ईएसआयसीचं कार्ड, पीएफची पावती, सगळं जोडलेलं. चार सोडती झाल्या, नाव लागलं नाही. अलीकडे वांगणी आणि शेलूला कामगारांसाठी ८१ हजार घरांची योजना पुढे आली. घर मुंबईतच हवं म्हणून २०२५ च्या जुलैत आझाद मैदानावर मोर्चा झाला, त्याला बाबा काठी घेऊन गेले. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी पाय गरम पाण्यात सोडले आणि मला विचारलं, "तू तो नकाशा रंगवला होतास ना, त्या गिरणीच्या जागी आता काय आहे?"

मी सांगितलं : पुढे कार्यालयं, मागे दोन टॉवर आणि भिंतीलगत म्हाडाचा तुकडा.

"केवढा?"

मी हाताने दाखवला.